लयीचे माप : 'बाले मेकानिक' आणि पाठाचा प्रश्न

१

१९२४ च्या सप्टेंबर महिन्यात व्हिएन्ना येथे नव्या नाट्यतंत्राचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनाची आखणी करणारे वास्तुकार आणि नेपथ्यकार फ्रेडरिक कीसलर ह्यांच्या पुढाकाराने २४ सप्टेंबर रोजी तेथे 'बाले मेकानिक' हा मूक लघुपट पहिल्यांदा दाखवण्यात आला. 'यांत्रिक नृत्यनाट्य' असा ह्या फ्रेंच नावाचा सरळ अर्थ होतो. परंतु त्यात नर्तक नाहीत, रूढ अर्थाने पात्रे नाहीत, आणि एका घटनेतून दुसरी घटना निघावी असे कथानकही नाही. झोपाळ्यावरची स्त्री, गवती टोपी, बाटल्या, हसणारे आणि मिटणारे ओठ, दातेरी चाके, दट्टे, स्वयंपाकघरातील भांडी, वर्तुळ आणि त्रिकोण अशा प्रतिमा क्षणभर पडद्यावर येतात, जातात आणि पुन्हा परततात. ह्या प्रतिमांना एकत्र बांधून ठेवणारे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे त्यांच्या कालावधींचे परस्परप्रमाण. रूढ भाषेत त्याला लय म्हणतात.

चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतून 'बाले मेकानिक'ला मानाचे स्थान मिळाले आहे. चित्रकार फेर्नां लेजे ह्यांची घनवादी दृष्टी पडद्यावर अवतरली, असा त्याचा गौरव केला जातो. मात्र ह्या गौरवात दोन गृहीते मिसळलेली आहेत. लय हा एका प्रतिभावंताच्या मनाचा ठसा असतो, हे त्यांतील पहिले. लय एकदा रचली गेली की ती कृतीत कायमची स्थिर होते, हे दुसरे. ह्या लघुपटाचा प्रत्यक्ष इतिहास मात्र ह्या दोन्ही गृहीतांना अडचणीत आणतो. त्याचे कर्तृत्व एका व्यक्तीचे नाही, त्याची प्रमाणभूत म्हणावी अशी एकच प्रत नाही, आणि ज्या संगीताशी त्याचे नाव जोडले जाते ते संगीत दीर्घकाळ त्याच्याबरोबर वाजूच शकले नाही. तरीही त्यातील लयीचा प्रत्यय प्रेक्षकाला येतोच. तेव्हा ही लय नेमकी कोठे वसते, हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही. 'लय' ही संज्ञा ज्या समीक्षापरंपरेच्या केंद्रस्थानी आहे, त्या मराठी सौंदर्यविचारालाही तो लागू पडतो.

२

१९२० च्या सुमारास फ्रान्समधील चित्रपटविषयक विचारात लय ही संकल्पना अग्रभागी आली. चित्रपटाला रंगभूमी आणि कादंबरी ह्यांच्या दास्यातून सोडवायचे, तर त्याचे स्वतःचे असे रचनातत्त्व दाखवता आले पाहिजे, अशी तेथील नव्या दिग्दर्शकांची धारणा होती. शॉटमध्ये काय दिसते एवढ्यावर भागत नाही. तो किती काळ दिसतो आणि त्याच्या आधी-नंतर काय येते ह्यावर त्याचे मूल्य ठरते, ही जाणीव त्या काळात दृढ झाली. संकलन म्हणजे घटनांची केवळ जुळणी नव्हे, ती कालमापनाची कला आहे, असे मानले जाऊ लागले.

ह्या जाणिवेचा सर्वांत प्रभावी आविष्कार आबेल गान्स ह्यांच्या 'ला रू' ह्या चित्रपटात झाला. १९२२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तो प्रथम दाखवला गेला. त्यात भरधाव आगगाडीच्या प्रसंगी चाके, रूळ, धूर, इंजिनचालकाचा चेहरा ह्यांचे शॉट अधिकाधिक आखूड होत जातात. कड्यावर लटकलेल्या नायकाच्या मृत्यूच्या क्षणी तर त्याच्या स्मृतीतील प्रतिमा एकेका चौकटीच्या वेगाने कोसळतात. लेजे ह्यांचे मित्र, कवी ब्लेझ सांद्रार, ह्या चित्रपटाच्या निर्मितीत गान्स ह्यांचे साहाय्यक होते. लेजे ह्यांनी त्यासाठी भित्तिपत्रक तयार केले आणि त्यावर लेखही लिहिला. यंत्र येथे सजावट न राहता स्वतःच पात्राच्या योग्यतेला पोहोचते, हे त्यांना त्यात महत्त्वाचे वाटले.

तथापि 'ला रू'मधील लय अखेर कथेची सेवक आहे. आगगाडीचा वेग वाढतो कारण चालकाच्या मनातील वादळ वाढते. प्रतिमा तुटक होतात कारण मरणाऱ्याचे भान तुटत असते. म्हणजे लयीला भावनेचे कारण द्यावे लागते, आणि ते कारण कथानक पुरवते. लेजे ह्यांना अभिप्रेत असलेली पायरी ह्याच्या पुढची होती. हे कारण काढून घेतले तर लय उरते का, आणि उरल्यास ती कशाची लय असते, ह्याचा शोध त्यांना घ्यायचा होता.

ह्याच काळात जर्मनीमध्ये ह्या प्रश्नाचे एक उत्तर दिले जात होते. वॉल्टर रुटमन, हान्स रिश्टर आणि स्वीडिश चित्रकार व्हायकिंग एगेलिंग ह्यांनी रेषा, चौकोन आणि प्रकाशाच्या पट्ट्या ह्यांपासून अमूर्त चित्रपट रचले. संगीतात जसे स्वर, तसे येथे आकार. ३ मे १९२५ रोजी बर्लिन येथे झालेल्या 'निरपेक्ष चित्रपटा'च्या सकाळच्या खेळात त्यांच्या कृतींबरोबर 'बाले मेकानिक'ही दाखवला गेला. तो त्यांच्याच कुळातील आहे असा समज त्यामुळे सहज होऊ शकतो. परंतु एक भेद मूलभूत आहे. रिश्टर ह्यांच्या चौकोनाला पडद्याबाहेर काहीच आयुष्य नाही. लेजे ह्यांच्या पातेल्याला, टोपीला, बाटलीला ते आहे. 'बाले मेकानिक'ने कथानक टाकले तरी जग टाकले नाही. हा भेद पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे.

३

वस्तूविषयी लेजे ह्यांना वाटणाऱ्या ओढीचा उगम पहिल्या महायुद्धात शोधला जातो, आणि त्याला त्यांच्याच निवेदनाचा आधार आहे. १८८१ मध्ये नॉर्मंडीतील आर्जांतां येथे जन्मलेले लेजे १९१४ मध्ये सैन्यात दाखल झाले. आर्गोन आणि व्हर्दं येथील आघाड्यांचा अनुभव त्यांनी घेतला. युद्धापूर्वी, विशेषतः १९१३ च्या सुमाराच्या 'आकारांचे विरोध' ह्या चित्रमालिकेत, ते जवळजवळ अमूर्तापर्यंत पोहोचले होते. पंचाहत्तर मिलिमीटर तोफेचा उघडा पार्श्वभाग भर उन्हात चकाकताना पाहिला आणि अमूर्ताचा मोह सुटला, असे त्यांनी पुढे सांगितले. १९१६ मध्ये रजेवर असताना कवी आपोलिनेर ह्यांच्या सोबतीने त्यांनी चॅप्लिनचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. 'बाले मेकानिक'च्या प्रारंभी जी लाकडी तुकड्यांची घनवादी चॅप्लिन-बाहुली येते, तिचे बीज येथे आहे.

वस्तूकडे पाहण्याची ही दृष्टी चित्रपटात उतरली ती समीपदृश्याच्या साहाय्याने. समीपदृश्य वस्तूला तिच्या परिसरातून तोडते. स्वयंपाकघरात लटकणारे पातेले हे एक उपकरण असते. तेच पडदाभर मोठे होऊन क्षणभर लखलखते तेव्हा ते वक्रता आणि तेज ह्यांचा एक पुंज होते. ओठांचेही तसेच. चेहरा काढून टाकून केवळ ओठ दाखवले, की हसणे ही एका व्यक्तीची भावना न राहता उघडण्या-मिटण्याची हालचाल होते, आणि ती दट्ट्याच्या वर-खाली होण्याशी ताडून पाहता येते. माणूस आणि यंत्र ह्यांना एका पातळीवर आणण्याचे हे कार्य एकट्या समीपदृश्याला साधत नाही. ओठ आणि दट्टा समान कालावधीसाठी, एकमेकांलगत दिसावे लागतात. समान काल म्हणजे समान दर्जा. लघुपटातील सारा क्रम ह्या समीकरणावर उभा आहे.

लेजे ह्यांनी स्वतः केलेल्या टिपणांनुसार लघुपटाची रचना सात उभ्या विभागांची आहे. संथ गतीकडून तीव्र गतीकडे जाणाऱ्या ह्या विभागांना समान आकारांचे आडवे छेद एकत्र जोडतात, आणि सर्वत्र तीव्र विरोधाचा अवलंब केलेला असतो. ही भाषा उघडच चित्रकाराची आहे. काळात घडणाऱ्या गोष्टीला तो उभे-आडवे म्हणतो. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. विरोध, पुनरावृत्ती आणि एकूण तोल ह्या तीन अंगांनी त्यांनी लयीचा विचार केला होता.

४

मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकर ह्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'आर्ट्स अँड मॅन'पासून (१९३७) 'सौंदर्य आणि साहित्य'पर्यंत (१९५५) मर्ढेकरांनी सौंदर्याची जी उपपत्ती मांडली, तिच्या मुळाशी लयबद्ध रचना हीच कल्पना आहे. कलाकृतीतील घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल ह्या तत्त्वांनी जे संबंध निर्माण होतात त्यांतून सौंदर्य साकारते, असे ह्या उपपत्तीचे सार सांगता येईल. ह्या विचाराचा 'बाले मेकानिक'शी कोणताही ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु केवळ लयीवर उभी राहण्याची प्रतिज्ञा करणारी कृती आणि केवळ लयीने कलेचा उलगडा करू पाहणारी उपपत्ती, ह्यांना समोरासमोर ठेवल्यास दोहोंचीही परीक्षा होते.

लघुपटाच्या मोठ्या भागात ही उपपत्ती विलक्षण चपखल बसते. वर्तुळ आणि त्रिकोण आळीपाळीने येतात तो विरोध आहे. झोपाळ्याची झेप, लंबकासारखा डोलणारा चकचकीत गोळा आणि दट्ट्याची चाल ह्यांच्यात संवाद आहे. प्रारंभी आणि अखेरीस येणारी चॅप्लिन-बाहुली समग्र रचनेला तोल देते. गवती टोपी आणि बूट ह्यांच्या शॉटची जोडी ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. दोन स्थिर वस्तू वेगाने एकाआड एक दाखवल्या की डोळा त्यांना दोन म्हणून स्वीकारत नाही. एकच वस्तू पसरते आणि आकसते, असा भास होतो. हालचाल टोपीत नाही, बुटातही नाही. ती दोहोंच्या मधल्या सांध्यात आहे. घटकांपेक्षा घटकांमधील संबंधाला प्राधान्य देणाऱ्या विचाराला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

परंतु लघुपटातील सर्वांत प्रसिद्ध भागाशी येताच अडचण उभी राहते. पाठीवर ओझे घेतलेली एक श्रमिक स्त्री, बहुधा धुणेवाली, दगडी पायऱ्या चढून वर येते. वर पोहोचते न पोहोचते तोच ती पुन्हा खाली असते आणि पुन्हा चढू लागते. एकाच तुकड्याच्या अनेक प्रती एकापुढे एक जोडून ही पुनरावृत्ती साधली आहे. पहिल्या काही वेळा प्रेक्षकाला गंमत वाटते. नंतर काहीतरी बिघडल्याची शंका येते. मग अस्वस्थता, आणि शेवटी चीड. प्रेक्षकाला आधी थक्क करायचे, मग चिंतेत टाकायचे आणि मग सहनशक्तीच्या टोकाला न्यायचे, असा हेतू लेजे ह्यांनीच नमूद केला आहे.

हा परिणाम केवळ आकृतिबंधाचा आहे काय? तीच पुनरावृत्ती वर्तुळाची केली असती तर कंटाळा आला असता. चीड आली नसती, करुणा तर नाहीच. येथे जी पुन्हा पुन्हा खाली ढकलली जाते ती ओझे वाहणारी बाई आहे. तिचे श्रम कधीच पूर्ण होत नाहीत, हा अर्थ कथानकाने सांगितलेला नाही, उपशीर्षकानेही नाही. तो केवळ संकलनाने, म्हणजेच लयीने, निर्माण केला आहे. मात्र ती लय ज्या द्रव्यावर काम करते त्या द्रव्याचे लौकिक स्वरूप वगळले तर तो अर्थ नाहीसा होतो. मर्ढेकरांच्या उपपत्तीवर लौकिक आशयाची उपेक्षा केल्याचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. ह्या पायऱ्यांवर तो आक्षेप एका वेगळ्या बाजूने पुढे येतो. लौकिक अर्थ लयीच्या बाहेर थांबून तिला विरोध करतो असे नाही. तो लयीच्या पोटातूनच, तिच्या अतिरेकातून बाहेर पडतो. स्वतः मर्ढेकरांनी साहित्यापुरते भावनात्मक अर्थ हे माध्यम मानून ह्या प्रश्नाला वाट ठेवलीच होती. चित्रपटाबाबत ती वाट अधिक रुंद करावी लागेल, कारण छायाचित्रित वस्तूला तिचे जगातील स्थान पूर्णपणे सोडता येत नाही.

पाच दशलक्षांचा मोत्यांचा कंठा चोरीस गेल्याची वृत्तपत्री बातमी ज्या भागात येते, तेथेही हेच दिसते. वाक्य फुटते, अक्षरे सुटी होतात, शून्ये स्वतंत्रपणे नाचू लागतात, आणि मध्येच गाडीच्या घोड्याच्या गळ्यात अडकवण्याचे जाड कडे दिसते. फ्रेंच भाषेत कंठ्याला आणि ह्या कड्याला एकच शब्द आहे. भाषेतील श्लेष येथे प्रतिमेच्या आघातात रूपांतरित झाला आहे. पण धनिकाचा दागिना आणि राबणाऱ्या जनावराचा साज ह्यांची ही गाठ नुसती शब्दक्रीडा म्हणून सोडून देता येत नाही. धुणेवालीच्या पायऱ्या पाहून झालेल्या प्रेक्षकाला तर नाहीच.

५

ही लय कोणाची? लेजे ह्यांचे नाव जरी पुढे राहिले असले तरी कॅमेरा आणि संकलन ह्यांचे प्रत्यक्ष तंत्र त्यांना अवगत नव्हते. ते ज्यांच्याकडे होते ते डडली मर्फी हे तरुण अमेरिकन दिग्दर्शक. पॅरिसला येण्यापूर्वीच मर्फी ह्यांनी संगीतावर आधारलेले काही लघुपट केले होते. सें-सांस ह्यांच्या रचनेवरील 'डान्स मकाब्र' (१९२२) हा त्यांपैकी एक. मॅन रे ह्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मर्फी आधी आपल्याकडे आले होते आणि आरंभीचे काही चित्रण आपल्या सहभागाने झाले होते अशी हकीकत दिली आहे. खर्चाचा प्रश्न आल्यावर ते बाजूला झाले. कवी एझरा पाउंड ह्यांचाही ह्या उपक्रमाशी संबंध होता. प्रतिमेचे तुकडे करून तिला एकाच चौकटीत बहुगुणित करणाऱ्या काचा हे लघुपटाचे एक वैशिष्ट्य आहे. पाउंड ह्यांच्या वर्तुळात आरशांच्या साहाय्याने केलेल्या छायाचित्रणाचे प्रयोग त्यापूर्वीच झाले होते.

पडद्यावर जे चेहरे दिसतात तेही ह्या हकीकतीस पुष्टी देतात. हसणारे आणि मिटणारे ओठ व डोळे हे 'किकी' म्हणून विख्यात असलेल्या आलीस प्रें ह्यांचे आहेत. त्या तेव्हा मॅन रे ह्यांच्या सहचरी होत्या. झोपाळ्यावरील आणि अखेरीस बागेत फुलाचा वास घेणारी स्त्री म्हणजे मर्फी ह्यांच्या पत्नी कॅथरीन. ज्या दोन स्त्रियांच्या देहांवर लघुपटातील लयीचा मोठा भार आहे, त्यांची नावे कर्तृत्वाच्या चर्चेत क्वचितच येतात.

ह्या प्रश्नाची अभ्यासकांनी केलेली मांडणी कालानुसार बदलत गेली. स्टँडिश लॉडर ह्यांच्या 'द क्युबिस्ट सिनेमा' (१९७५) ह्या ग्रंथात लघुपटाचे बारकाईने विश्लेषण झाले, पण ते प्रामुख्याने लेजे ह्यांच्या चित्रकलेच्या संदर्भात. १९९० च्या दशकात विल्यम मॉरिट्झ ह्यांनी मर्फी आणि मॅन रे ह्यांच्या बाजूने जोरदार युक्तिवाद केला. २००६ मध्ये आलेल्या सुसान डेलसन ह्यांच्या मर्फीचरित्राने त्यांच्या कारकिर्दीचा सलग पट समोर ठेवला. बेसी स्मिथ ह्यांचा 'सेंट लुईस ब्लूज' आणि ड्यूक एलिंग्टन ह्यांचा 'ब्लॅक अँड टॅन' (दोन्ही १९२९) हे संगीतपट मर्फी ह्यांचेच. संगीत आणि प्रतिमा ह्यांचे नाते हा ज्यांच्या कारकिर्दीचा स्थायी विषय होता, त्यांना 'बाले मेकानिक'चे केवळ कॅमेरामन ठरवणे आता शक्य राहिलेले नाही.

तथापि श्रेयाचे माप एका तागडीतून काढून दुसरीत टाकल्याने प्रश्न सुटत नाही. धुणेवालीच्या भागाची लांबी ठरवण्यासाठी लेजे ह्यांनी तो कामगारांना आणि वस्तीतील लोकांना दाखवून त्यांच्यावर होणारा परिणाम न्याहाळला होता, अशी त्यांनी दिलेली माहिती येथे महत्त्वाची ठरते. पुनरावृत्ती किती वेळा व्हावी हे चित्रकाराच्या अंतःप्रेरणेने ठरले नाही, तंत्रज्ञाच्या गणितानेही नाही. ते समोर बसलेल्या माणसांच्या सहनशक्तीवर ताडून ठरवले गेले. लघुपटातील डोलणाऱ्या चकचकीत गोळ्यावर कॅमेरा आणि त्यामागची माणसे पुसट उमटलेली दिसतात. कर्त्यांची एवढीच काय ती सही लघुपटाच्या अंगावर आहे, आणि तीही सतत हलणारी.

६

कर्त्याचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ पाठाकडे वळावे, तर तेथेही जमीन स्थिर नाही. लेजे ह्यांनी पुढील काळात लघुपटात फेरफार केले, आणि वेगवेगळ्या देशांत गेलेल्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे १९३० च्या दशकात आलेली प्रत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पुढे १९७५ मध्ये कीसलर ह्यांच्या पत्नी लिलियन ह्यांना त्यांच्या संग्रहातील जुनी प्रत सापडली आणि न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्हज ह्या संस्थेने तिचे जतन केले. व्हिएन्नाच्या पहिल्या खेळाशी नाते सांगणारी ही प्रत क्रम आणि तपशील ह्यांत संग्रहालयाच्या प्रतीहून भिन्न आहे.

हस्तलिखितांच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखठणकर आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, प्राचीनतम पाठ शोधणे आणि एकमेव मूळ पाठ हाती लागणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवून दिले आहे. परंतु लयप्रधान चित्रपटाच्या पाठचिकित्सेत एक अडचण अधिक आहे. कथाप्रधान ग्रंथातील एखादा श्लोक गळला तरी कथा बहुधा टिकते. येथे दोन चौकटी गळल्या तरी रचना बिघडते.

त्याचा हिशेब सोपा आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात सोळा चौकटी असतात. सेकंदाला सोळा चौकटी ह्या गतीने आठ चौकटींचा शॉट अर्धा सेकंद दिसतो. फीत तुटली की ती पुन्हा जोडताना एखाददुसरी चौकट जाते. आठांपैकी दोन गेल्या म्हणजे त्या शॉटचा पाव भाग गेला, आणि शेजारच्या शॉटशी असलेले त्याचे प्रमाणही मोडले. जो भाग अधिक वेगवान तेथे जोड अधिक, आणि जेथे जोड अधिक तेथे फीत तुटण्याचा संभव अधिक. म्हणजे लय जेथे सर्वांत तीव्र, तेथेच तिचा लिखित आधार सर्वांत नाजूक.

प्रक्षेपणाची गती हा दुसरा अनिश्चित घटक. मूकपटांच्या काळात ती एकसारखी ठरलेली नव्हती. बोलपटांबरोबर सेकंदाला चोवीस चौकटी हे प्रमाण रूढ झाले. सोळाच्या गतीने पंधरा मिनिटे चालणारी फीत चोवीसच्या गतीने दहा मिनिटांत संपते. शॉटांचे परस्परप्रमाण त्यात कायम राहते, पण डोळ्यावर आणि शरीरावर होणारा आघात बदलतो. संथ गतीत टोपी आणि बूट दोन वस्तू म्हणून ओळखू येतील, द्रुत गतीत एकच स्पंदन होऊन जातील. तालाच्या मात्रा त्याच राहून लय विलंबिताची द्रुत व्हावी, तसे हे आहे. बंदिश तीच म्हणता येईल. अनुभव तोच म्हणता येणार नाही.

७

लयीच्या ह्या चंचलतेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लघुपटाच्या संगीताची कथा. जॉर्ज अँटाइल हे अमेरिकन संगीतकार त्या काळात पॅरिसमध्ये, सिल्व्हिया बीच ह्यांच्या सुप्रसिद्ध पुस्तकदुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत. पाउंड ह्यांचा त्यांना पाठिंबा होता. 'बाले मेकानिक' ह्याच नावाने त्यांनी जी रचना केली तिच्या मूळ आराखड्यात छिद्रित कागदी गुंडाळ्यांवर आपोआप वाजणारे सोळा पियानो, तालवाद्ये, विजेच्या घंटा, भोंगा आणि विमानांचे पंखे ह्यांचा समावेश होता. सोळा यांत्रिक पियानो एकाच गतीने, एकाच क्षणी वाजवत ठेवण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. शिवाय रचनेची लांबी लघुपटाच्या जवळजवळ दुप्पट झाली. परिणामी लघुपट आणि संगीत आपापल्या वाटेने गेले. १९ जून १९२६ रोजी पॅरिसच्या शांझ-एलिझे नाट्यगृहात आणि १० एप्रिल १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही रचना स्वतंत्रपणे, बदललेल्या वाद्यमेळात सादर झाली आणि दोन्ही ठिकाणी तिने गदारोळ उठवला.

सोळा पियानोंचा मूळ आराखडा प्रत्यक्षात ऐकू आला तो १९९९ मध्ये, अमेरिकेतील लोवेल येथे, संगणकाच्या नियंत्रणाखाली. त्यानंतर पॉल लेरमन ह्यांनी संगीत आवश्यक तेवढे आखूड करून ते लघुपटाशी जोडले. यंत्राच्या अचूकतेचे स्तोत्र म्हणून ओळखली जाणारी ही जोडकृती जुळवण्यास यंत्रयुगाला पाऊणशे वर्षे लागली, ह्यातील उपरोध दुर्लक्षण्याजोगा नाही. १९२४ च्या यंत्राला अचूकता साधत नव्हती. 'यांत्रिक' हे विशेषण तेव्हाच्या वस्तुस्थितीचे वर्णन नव्हते, ती एक आकांक्षा होती. प्रत्यक्षात हाताने फिरवलेला कॅमेरा, डिंकाने जोडलेली फीत आणि प्रक्षेपकाची बदलती गती ह्यांतूनच ह्या नृत्याची पावले पडत होती.

८

ह्या साऱ्या इतिहासातून लय ही एक निराधार, मनमानी गोष्ट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. चौकटी मोजता येतात, प्रतींची तुलना करता येते, एका क्रमापेक्षा दुसरा क्रम जुना आहे हे दाखवता येते. लय हा रचनेचा तपासता येणारा गुणधर्म आहे, ही मर्ढेकरांच्या विचारातील बळकट बाजू 'बाले मेकानिक'च्या अभ्यासाने अधिकच दृढ होते. बदलावे लागते ते त्या रचनेच्या स्वायत्ततेविषयीचे गृहीत. येथील लय तीन ठिकाणी बाहेरच्या जगाला बांधलेली आहे. ज्या वस्तू आणि माणसे ती हाताळते त्यांच्या लौकिक स्थानाला ती बांधलेली आहे; धुणेवालीच्या जागी वर्तुळ ठेवता येत नाही. ज्या प्रेक्षकांवर ती ताडून पाहिली गेली त्यांच्या शरीराला ती बांधलेली आहे. आणि ज्या फितीवर, ज्या गतीने ती उमटते त्या भौतिक साधनाला ती बांधलेली आहे.

कवितेच्या अभ्यासातही ह्याचा विचार व्हावयास हवा. छंदाचे गण-मात्रांत विश्लेषण करून लयीचा हिशेब पुरा झाला असे मानण्याची सवय अद्याप गेलेली नाही. आणि ती गेली तेथे लय ही कवीच्या व्यक्तिमत्त्वाची अनिर्वचनीय खूण मानण्याकडे कल होतो. पहिल्या पक्षाला मोजणी पुरेशी वाटते, दुसऱ्याला ती अनावश्यक वाटते. 'बाले मेकानिक' दोन्ही पक्षांना पुरे पडू देत नाही. त्यातील प्रत्येक क्षण मोजता येतो, तरी मोजणीत चीड सापडत नाही. आणि ती चीड कोणा एका कर्त्याच्या अंतःकरणात शोधावी, तर तेथे चार-पाच माणसे, काही पाडे आणि वस्तीतले अनामिक प्रेक्षक भेटतात. कोणत्याही प्रतीत, कोणत्याही गतीने लघुपट पाहिला तरी ओझे घेतलेली ती स्त्री पायऱ्या चढतच राहते. ती किती वेळा चढते हे प्रतीगणिक मोजून घ्यावे लागेल. आणखी एकदा चढणे असह्य केव्हा होते, ह्याचे माप मात्र पाहणाऱ्यालाच आपल्या ठायी घ्यावे लागते.